न वाचता आलेली ओळ

सबनीस काकूंनी आमच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या अंकात माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. या पानांवर दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात. कुणी रेल्वेत तीस वर्षं काढलेली असतात, कुणी मंत्रालयातल्या फायलींत. माझी नोकरी पाच वर्षांची, आणि तीही सांभाळून दूरशिक्षणाने एम.सी.ए. अजून चालूच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला एखादी गोष्ट येते असं लिहिताना हात अजून अडखळतो.

काकू म्हणाल्या, "तुला येतं ते नको लिहूस. तुझं चुकलं ते लिही. तेच लोक वाचतात."

म्हणून लिहिते आहे.

मी नोएडात एका लहान कंपनीत काम करते. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो आणि लक्षात ठेवणं एवढंच त्याचं काम. समजा चार जण मिळून एक पुस्तक लिहीत आहेत. आज एकाने एक ओळ बदलली, उद्या दुसरीने ती खोडली, महिन्याने सगळ्यांना वाटलं की पहिलीच बरी होती. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. कुणी केला, केव्हा केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. काहीच पुसलं जात नाही, मागे जाऊन हवं ते परत आणता येतं. याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आईला मी हे समजावलं तेव्हा ती साडीला फॉल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे भांडणात आधी कोण बोललं ते सांगणारं." याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी दिलेली नाही.

नोंद ठेवणं सोपं आहे, ती पुन्हा वाचणं कठीण. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक ओळ असते. आधी माणसाचं नाव, मग टोकदार कंसात त्याचा ईमेल, मग वेळ. सॉफ्टवेअर ती ओळ डावीकडून वाचत जातं आणि तिचे तुकडे करतं. हे नाव, हा ईमेल, ही वेळ. या तुकडे करण्याला पार्सिंग म्हणतात. जिथे वेळ असायला हवी तिथे भलतंच काही सापडलं, की सॉफ्टवेअर गोंधळतं आणि बहुतेक वेळा सरळ बंद पडतं. ते तसं पडू नये म्हणून त्याला सावरणं हे माझं काम. नव्या मुलामुलींना हे काम देतात, कारण जुन्यांना ते नको असतं. यात नवं काही बनत नाही. सगळं ठीक चाललं तर कुणाला कळतही नाही की इथे कुणी काम केलं आहे.

मला मात्र ते आवडायचं. खरं सांगायचं तर मला या कामाची ओळख शाळेतच झाली होती.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझं आडनाव बऱ्हाटे. त्यातला तो पापणीसारख्या आडव्या रेघेचा र हिंदीत नाही. हजेरी घेताना मॅडम माझ्या नावाशी आल्या की थांबायच्या. सातवीतल्या एक मॅडम तर थांबायच्याही नाहीत. "ज्योती ब... चलो, नेक्स्ट." नाव पूर्ण घेतलंच नाही, मग 'प्रेझेंट' कशाला म्हणायचं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. दोन आठवड्यांनी बाबांना शाळेत बोलावलं. मुलगी वर्गातच येत नाही अशी तक्रार होती. मी पहिल्या बाकावर बसायचे.

"मग बोलत का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"नाव घेतलं नाही ना."

पुढे नववीत मीच माझं नाव हिंदी पद्धतीने 'बर्हाटे' लिहू लागले. रेघ उचलून ह च्या डोक्यावर ठेवली. सगळ्यांची सोय झाली, माझीही. कॉलेजात तसंच चाललं, ऑफिसातही तसंच.

आता सबनीस काकूंविषयी. काकू करोल बागेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्या अनुवादक होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळातल्या बायकांना घेऊन एक यादी करायला घेतली, दिल्लीतल्या मराठी घरांतून नाहीसे होत चाललेल्या शब्दांची. इथे वाढलेली मुलं "आई, वो क्या कहते हैं, ते दे ना" असं म्हणून वेळ मारून नेतात. आईही मग "अच्छा, घे" म्हणते आणि शब्द तिथेच राहून जातो. असे राहिलेले शब्द काकू गोळा करत होत्या. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि तो देणाऱ्याचं नाव. देणाऱ्याचं नाव हवंच, हा काकूंचा हट्ट होता. "शब्द हवेतून येत नाहीत गं. कुणाच्या तरी तोंडून येतात."

ही यादी त्या आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवत. बहुतेक नोंदी त्यांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर होत. आणि ऑफिसात मराठी मी एकटी, म्हणून काकूंचा फोन आला की तो माझ्याकडे यायचा.

दुपारी जेवण झाल्यावर मी कधी कधी ती यादी उघडून बसायचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतिहास उलटा दिसतो. आजची नोंद सगळ्यात वर, मग कालची, मग गेल्या वर्षीची. खाली खाली जावं तशी माणसं परत येऊ लागायची. जी आता या जगात नव्हती ती दोन पानं खाली गेल्यावर एखादा शब्द सुचवत असायची, आणखी खाली तोच शब्द दुरुस्त करत असायची. गोऱ्हे आजींनी एका मंगळवारी 'काथवट' दिला होता आणि गुरुवारी येऊन लिहिलं होतं, "लाकडाची. पितळेची ती परात." आजी मार्चमध्ये गेल्या होत्या. पण तिथे अजून गुरुवार होता आणि त्या परातीवरून वाद घालत होत्या. एसीचा आवाज, खिडकीबाहेर नोएडाचं धुरकट ऊन आणि समोर हे शब्द. मला झोपेत चालल्यासारखं वाटायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात.

गेल्या वर्षी या यादीचं पुस्तक करायचं ठरलं. दिवाळीला यायचं होतं. आणि पावसाळा संपता संपता काकूंचा फोन आला.

"अगं ज्योती, तुझं ते उघडतंय आणि मिटतंय. लाजाळूच्या पानासारखं."

"काकू, काही मेसेज येतो का?"

"मेसेज कसला? तोंड उघडतं आणि बंद करतं. आमच्या ह्यांच्यासारखं. हे निदान चहा तरी मागतात."

मी यादी मागवून पाहिली. सगळ्यात वरच्या नोंदीपाशीच सॉफ्टवेअर कोसळत होतं. नोंद सुमनताई गुप्ते यांची होती. ईमेलच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: हिंदूराव हॉस्पिटल > मागची चढण > निळं गेट.

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण शब्द देणाऱ्याने भरायच्या फॉर्मचं मराठी मीच केलं होतं. चौकट लहान होती, 'ईमेलचा पत्ता' मावत नव्हतं, म्हणून मी नुसतं 'पत्ता' लिहिलं होतं. सुमनताईंनी पत्ता दिला. घर सापडावं म्हणून खुणाही दिल्या. आमच्या सॉफ्टवेअरला मात्र टोकदार खूण दिसली की ईमेल संपला, आता वेळ येणार, असं वाटतं. ते वेळेची वाट पाहत होतं आणि त्याला भेटली मागची चढण.

आमच्या टीमचे प्रमुख त्यागी सर माझ्या स्क्रीनवर वाकले. "ये आंटी ने घर का पता डाल दिया?"

"सर, फॉर्म में 'पत्ता' ही लिखा है."

"किसने लिखा?"

"मैंने."

सर हसत सुटले. "यार, आंटी ने तो रास्ता बिल्कुल सही बताया है. भटक तो हम गए."

चौकटीचं नाव मी त्याच दिवशी बदललं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. एका वाकड्या ओळीने सगळा इतिहास बंद पडावा, हे चूकच होतं. म्हणून मी नियम लिहिला. नोंदीची वरची ओळ नीट वाचता आली नाही, तर ती नोंद सोडून द्यायची आणि पुढे जायचं. सोपा नियम, चार ओळींत बसला. हात लागलाच होता म्हणून मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. नावात फक्त दिसणारी अक्षरं चालतील असं ठरवून टाकलं. अक्षरांच्या मध्ये न दिसणारी चिन्हंही असू शकतात. आमच्या धंद्यात ती संशयित मानतात, कारण दोन वेगळी नावं डोळ्यांना एकसारखी दिसावीत म्हणून काही लोक त्यांचा उपयोग करतात. मी हे नुकतंच वाचलं होतं, आणि नुकतंच वाचलेलं फार खरं वाटतं.

नवी आवृत्ती सगळ्या ग्राहकांकडे गेली. काकूंची यादी उघडली. त्या फोनवर "शाबास गं" म्हणाल्या. तीन आठवडे कुठूनही सॉफ्टवेअर बंद पडल्याची तक्रार आली नाही. त्यागी सर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्योती ने तो इसको संन्यासी बना दिया. कुछ भी हो जाए, हिलता नहीं." मी घरी जाऊन आईला ते दोनदा सांगितलं.

मग एका सकाळी काकूंचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक होता. "येऊन जातेस का? उद्या दुपारी बारा वाजता पानं छापायला जायची आहेत. आणि माझं काहीतरी हरवलंय, पण काय ते कळत नाही."

मी सरांना सांगून निघाले. नोएडाहून करोल बागेत मेट्रो सरळ जाते. अकराच्या सुमाराला डबा अर्धा रिकामा होता आणि बसलेली सगळी माणसं डुलत होती. गाडी यमुनेवर आली तेव्हा खाली वाळूत हिरवे पट्टे दिसले, भाजीची शेतं, आणि नदी अशी की आहे की नाही अशी शंका यावी. मला उगाच वाटलं, इथे पूर्वी जी नदी होती तीही कुठेतरी खाली नोंदलेली असेल. मागे मागे गेलं की सापडेल.

काकूंच्या टेबलावर पुस्तकाची पानं पसरली होती. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मला आधी वाटलं माझंच वय झालं. विसरलेल्या शब्दांचं पुस्तक करायचं आणि शब्द आपणच विसरायचे. पण ज्योती, गोऱ्हे आजी कुठे आहेत? 'काथवट' कुठे आहे?"

मी पानं चाळली. 'काकडणं' होतं, 'कालथा' होता. मधला 'काथवट' नव्हता.

काकूंकडे एक वही होती. शब्द देणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांनी त्यात हाताने लिहून ठेवलेलं होतं. त्या वहीतून वाचू लागल्या आणि मी पानांत शोधू लागले. साठे सापडल्या, फर्नांडिस सापडल्या, शेख सापडल्या. गोऱ्हे नव्हत्या. कुऱ्हाडे नव्हत्या, त्यांचा 'अडसर' नव्हता. पऱ्हाड नव्हत्या. सुमनताई गुप्तेही नव्हत्या, पण त्या का नव्हत्या हे मला कळत होतं. बाकीच्यांचं कळेना. काकू एकेक नाव मोठ्याने वाचत होत्या आणि ऐकता ऐकता माझे कान गरम होऊ लागले.

"काकू, त्या नसलेल्यांची नावं पुन्हा वाचा."

"गोऱ्हे, कुऱ्हाडे, पऱ्हाड..." त्या थांबल्या. "तुझं आडनाव काय गं? मी नुसतं ज्योतीच म्हणते."

"बऱ्हाटे."

"मग तुझ्या आईचं बघ."

आईने दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवात एक शब्द दिला होता. मी पान काढलं. तो नव्हता.

"गेलात तुम्हीपण," काकू म्हणाल्या.

काकूंच्या जुन्या कीबोर्डवर तो पापणीचा र असा तयार होतो: आधी र, मग त्याचा पाय मोडणारी खूण आणि मग एक न दिसणारं चिन्ह. त्या चिन्हाला स्वतःचा आकार नसतो, जागाही लागत नाही. ते शेजारच्या र ला फक्त एवढंच सांगतं की वर उडू नकोस, इथेच आडवा रहा. मी नावातून न दिसणारी चिन्हं हद्दपार केली होती. ते चिन्ह दिसलं की माझ्या नियमाप्रमाणे नाव वाचता येत नव्हतं, आणि नाव वाचता आलं नाही की दुसऱ्या नियमाप्रमाणे नोंद सोडून सॉफ्टवेअर पुढे जात होतं. गुपचूप, काहीही न बोलता. नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. यादीत होत्याच. फक्त कुणाला दिसत नव्हत्या आणि छापायच्या पानांत उतरत नव्हत्या.

मी हे काकूंना जमेल तसं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यांचं नाव घेता आलं नाही त्यांना तुझ्या यंत्राने गैरहजर लावलं."

सातवीतली गोष्ट मी काकूंना कधी सांगितली नव्हती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "गोऱ्हे आजी आता नाहीत. त्यांच्या नावाने काय उरलंय, तर हे शब्द. उद्या बारापर्यंत आले तर आले. प्रेसवाला माझ्यासाठी एकदा थांबलाय, पुन्हा नाही थांबायचा."

परतीच्या मेट्रोत मला एक सोपी वाट सुचली, हे मी इथे कबूल करते. हरवलेले शब्द मी हाताने उतरवून काकूंना देऊ शकत होते. तासाभराचं काम. पुस्तक पूर्ण झालं असतं आणि ऑफिसात कुणाला काही कळलं नसतं. त्या संन्याशाचं कौतुक तसंच राहिलं असतं. आमच्या घरातल्या माणसाला कौतुक नवीन असतं, ते परत करायला जड जातं. पण काकूंकडे निदान वही होती. इतर ग्राहकांकडे वही नव्हती. त्यांच्याकडून काय गळलं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं, कारण सॉफ्टवेअर छान चाललं होतं.

गाडी पुन्हा नदीवर आली आणि मला बाबांच्या चिठ्ठ्या आठवल्या.

बाबा एका सरकारी कार्यालयात दफ्तरी होते. शिक्षण आठवी. फायलींची पानं क्रमाने लावायची, आकडे घालायचे, टोचून नाडीने बांधायची. लहानपणी सुट्टीत मी कधी त्यांच्याबरोबर जायचे. एखादं पान वाळवीने खाल्लेलं निघायचं, एखाद्यावर चहा सांडून शाई पसरलेली असायची. बाबा ते पान कधी टाकत नसत, आणि त्यापायी फाईलही अडवून ठेवत नसत. पान त्याच्या जागीच लावायचे आणि वर एक चिठ्ठी टाचायचे. चिठ्ठीवर हिंदीत ठरलेलं वाक्य असायचं: अपठनीय है, यथावत् संलग्न. खाली त्यांची छोटीशी सही. वाचता आलं नाही, होतं तसं जोडलं आहे. मला लहानपणी ते वाक्य मंत्रासारखं पाठ होतं. आणि पाच वर्षं नेमकं तेच काम करून ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

मी ऑफिसात पोचले तेव्हा त्यागी सर चहा घेत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"क्रॅश तो नहीं हुआ ना?" सर म्हणाले.

"नहीं सर. क्रॅश होता तो अच्छा होता. पता तो चलता."

"पर नाम में ऐसा है क्या? दिखाओ."

मी काकूंच्या यादीतलं आईचं आडनाव स्क्रीनवर मोठं केलं. कर्सर मध्ये नेला आणि खोडायचं बटण एकदाच दाबलं. एकही अक्षर कमी झालं नाही. फक्त ती आडवी पापणी नाहीशी झाली आणि र ह च्या डोक्यावर जाऊन बसला. बर्हाटे. ज्या नावाने मी इतकी वर्षं वावरत होते ते नाव.

"अरे," सर पुढे झुकले. "मिटाया तो कुछ दिखा नहीं. नाम वही है ना?"

"सर, वही नहीं है. यही तो मैं भी समझती रही."

मी चिन्ह परत घातलं. सरांनी ते नाव म्हणून पाहिलं. "बर्रा... बर-हाटे..."

"सर, र को पूरा मत बोलिए. छूकर निकल जाइए."

"बऱ्हाटे," सर म्हणाले. पहिल्यांदाच. मग कप बाजूला ठेवला. "क्या करना है, बोलो."

मी सांगितलं. ओळ वाचता आली नाही तर नोंद सोडायची नाही. तिचे तुकडे करायचे नाहीत, अख्खी ओळ जशी आहे तशी तिच्या जागी दाखवायची आणि पुढे जायचं. आणि शेवटी स्पष्ट लिहायचं की अमुक इतक्या नोंदी पूर्ण वाचता आल्या नाहीत, त्या होत्या तशा ठेवल्या आहेत.

सरांना हे शेवटचं पटेना. "कस्टमर डर जाएगा. सोचेगा सॉफ्टवेअर खराब है."

"नहीं लिखेंगे तो सोचेगा सब ठीक है."

सरांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, "अच्छा. लिखो. पर छोटा लिखो."

संध्याकाळी साडेपाचला बदल तयार झाला. तो नोंदवायच्या आधी मी आणखी एक काम केलं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव 'बर्हाटे' होतं. ते खोडून मी नीट लिहिलं, त्या न दिसणाऱ्या चिन्हासकट. बदल नोंदवला. माझ्या नव्या नियमाने सगळ्यात आधी मलाच अडवलं. खाली ओळ आली: नावात अनोळखी चिन्ह आहे, होते तसे ठेवले आहे. मी ती ओळ बराच वेळ पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काकूंनी नवी आवृत्ती उघडली. मी फोन कानाला लावून होते. आधी नुसता श्वास ऐकू येत होता, मग पानं चाळावीत तसं बटणाचं टक टक.

"आल्या गं," काकू म्हणाल्या. "गोऱ्हे आजी आल्या. परातीचं भांडण घेऊन आल्या." मग एकेक नाव वाचत गेल्या. सुमनताई आल्या त्या अख्ख्या ओळीसकट, हॉस्पिटल, चढण, निळं गेट. "हे मी छापणार नाही हं, उद्या लोक तिच्या घरी चहाला जातील." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुझी आई आली. वाचू?"

"वाचा."

"तिरीप. दार लावलेलं असलं तरी फटीतून जी उन्हाची रेघ आत येते ती. सरोजिनी नगरच्या घरी चार वाजता यायची, माझ्या मशीनवर. देणार, शोभा बऱ्हाटे."

ते क्वार्टर आता नाही. ती सगळी ओळच पाडली. आम्ही नोएडात भाड्याने राहतो आणि इथली खिडकी उत्तरेकडे आहे. पण फोनवर ते ऐकताना मला ती रेघ दिसली. तिच्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे आणि आई त्यातूनच सुईत दोरा ओवायची.

पानं बाराला छापायला गेली.

पुस्तक आलं, त्याचं कौतुकही झालं. माझ्या मनात मात्र ते तीन आठवडे अजून अडकून आहेत. त्या काळात दुसऱ्या कुणीतरी आमच्या सॉफ्टवेअरमधून काही छापलं असेल, कुठे पाठवलं असेल, आणि त्यातली काही माणसं गळली असतील. आम्ही सगळ्यांना कळवलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. कोण गळलं ते मला कधीच कळणार नाही. सॉफ्टवेअर बंद पडतं तेव्हा निदान ओरडतं. मी त्याला न ओरडायला शिकवलं होतं, आणि त्यालाच मी माझं चांगलं काम समजले होते.

मागच्या रविवारी बाबांना मी घरी लॅपटॉपवर ती खालची ओळ दाखवली. होते तसे ठेवले आहे. बाबा आता निवृत्त आहेत. चष्मा वर सरकवून त्यांनी ती हळूहळू वाचली.

"हे माझं वाक्य आहे," ते म्हणाले.

"हो बाबा."

"आणि सही? चिठ्ठी टाचली की खाली सही पाहिजे. नाहीतर उद्या कुणी विचारायला आलं तर कुणाला विचारणार?"

"सही आहे," मी म्हटलं, आणि त्या बदलाची नोंद उघडून दिली. बाबांनी सवयीने पान उलटायला बोट जिभेला लावलं, मग स्वतःशीच हसून खाली घेतलं. स्क्रीनवर माझ्या नावाखालून बोट फिरवत, एकही अक्षर न चुकवता, त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"हं," ते म्हणाले. "आता जाऊ दे फाईल पुढे."